आजोबांच्या निगेटिव्हचा डबा : स्कॅनिंग, तारखा आणि राजगड (प्रकल्प नोंदी)

घरातल्या जुन्या निगेटिव्ह, डायऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकत्र जुळवायचं काम करतेय. असंच काम कोणी करणार असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतेय. काय जमलं, काय फसलं, पैसे कुठे गेले, सगळं लिहिणार आहे.

१६ नोव्हेंबर २०२४

आधी काय काय हातात आहे ते. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात १२० फिल्मच्या, म्हणजे चौकोनी ६ बाय ६ च्या निगेटिव्ह, तीन-तीन चार-चारच्या पट्ट्या कापलेल्या, काही स्टुडिओच्या पाकिटात आणि काही नुसत्याच. पुढे आजोबांनी आग्फा क्लिक थ्री घेतला, त्याच्याही यातच. डब्याच्या तळाला पट्ट्यांचा एक गठ्ठा आहे तो एकमेकांना चिकटून वीट झालाय, कडेला मातकट रेषा. शिवाय आजोबांच्या खिशातल्या डायऱ्या (सगळ्या वर्षांच्या नाहीत), काळ्या पानांचा एक अल्बम आणि डायऱ्यांत मध्येमध्ये ठेवलेली बसची तिकिटं.

तळाचा गठ्ठा तसा का झाला ते घरात सगळ्यांना माहितीये. १९६१ ला बिऱ्हाड पुण्यात नारायण पेठेत एका वाड्यात तळमजल्यावर होतं. पानशेत धरण फुटलं तेव्हा पुराचं पाणी माळ्याच्या फळीपर्यंत चढलं, डबा माळ्यावर होता, त्याच्या बुडाला पाणी लागलं. मागची भिंत पडली पण पुढची खोली राहिली म्हणून डबा सापडला. वरच्या निगेटिव्ह कोरड्या राहिल्या, खालच्या भिजल्या. पुरानंतरचे रोल त्याच डब्यात वर भरत गेले.

काम काय तर, एक, सगळं स्कॅन करायचं. दोन, प्रत्येक फोटो कधीचा आणि कुठला ते ठरवायचं. तीन, आत्याकडून जेवढं मिळेल तेवढं रेकॉर्ड करायचं, ती आता ८१ ची आहे आणि बाबा गेल्यापासून तो काळ आठवणारं घरात दुसरं कोणी नाही. चौथं जरा हौसेचं आहे, आजोबांनी गडावर जिथून फोटो काढले तिथेच उभं राहून परत तोच फोटो काढायचा.

२४ नोव्हेंबर

सुरुवातीला काही पट्ट्या एका लॅबमध्ये दिल्या होत्या, एका फ्रेमला ४० रुपये. आज मिळाल्या. फाइली अगदी छोट्या जेपेग आहेत, काळं एकदम काळं आणि आकाश पांढरं फटक, आणि काही फ्रेम चक्क उलट्या. उलट्या आहेत हे कळलं ते शर्टाच्या खिशावरून. पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो, इथे आजोबांचा आणि त्यांच्या दोन्ही मित्रांचा उजवीकडे दिसतोय. फोटोत पाटी किंवा अक्षर नसेल तर उलटं स्कॅन झालेलं पटकन कळत नाही, म्हणून खिसा, शर्टाची बटणपट्टी, बायकांचा पदर हे बघायचं. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद, मंद बाजू म्हणजे रसायनाचा थर. ती कुठल्या दिशेला ठेवायची हे एकदा ठरवून लिहून ठेवलं की हा घोळ होत नाही.

या सगळ्यात तीनएक आठवडे गेले. तुमच्याकडे थोड्याच निगेटिव्ह असतील तर चांगली लॅब शोधा, पण देताना "टिफ पाहिजे, २४०० डीपीआय, काँट्रास्ट वाढवू नका" हे कागदावर लिहून द्या. जास्त असतील तर स्वतःच करा.

८ डिसेंबर

सेकंड हँड स्कॅनर मिळाला, एप्सनचा व्ही६००, १६,००० ला. याच्या झाकणात दिवा आहे म्हणून निगेटिव्ह स्कॅन होते, साध्या ऑफिसच्या स्कॅनरवर होत नाही. सोबत ब्लोअर, सुती हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, अ‍ॅसिड नसलेल्या कागदाची पाकिटं, सगळं मिळून २,३०० गेले.

सेटिंग : १६ बिट ग्रेस्केल, २४०० डीपीआय, टिफ. चौकोनी फ्रेम सव्वादोन इंचाची, म्हणजे साधारण ५४०० बाय ५४०० पिक्सेल आणि एक फाइल ५८ एमबीच्या आसपास. मशीन ६४०० पर्यंत जातं पण साध्या बॉक्स कॅमेऱ्याची लेन्स एवढी धारदार नसते, आकडा वाढवून फक्त फिल्मचे दाणे मोठे दिसतात आणि डिस्क भरते.

आज दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे पट्ट्या इतक्या गुंडाळलेल्या की होल्डरमध्ये बसेचनात. सपाट करायला पाकिटात घालून जाड पुस्तकांखाली ठेवल्या, आठवडाभर तरी लागतो. हेअर ड्रायर, इस्त्री वगैरे अजिबात नको, थर तडकतो. दुसरी अडचण इंद्रधनुष्यासारख्या गोल रेघांची. निगेटिव्हची चकचकीत बाजू काचेला टेकली की अशा रेघा येतात. खास खरखरीत काच मिळते ती मागवली, ९०० रुपये, तिने प्रश्न सुटला.

१५ डिसेंबर

धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारं एक बटण स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, आयसीई म्हणतात. ते ब्लॅक अँड व्हाइटला वापरू नका. ते इन्फ्रारेड किरणांनी धूळ शोधतं, आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधलं चित्रच चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेड अडवते, मग मशीनला चित्रच धूळ वाटायला लागतं. एका फ्रेममध्ये आजीच्या चेहऱ्याचे तपशील पुसून गेले तेव्हा शोधाशोध केली आणि हे कळलं. रंगीत निगेटिव्हला मात्र ते छान चालतं.

काही पट्ट्यांवर बुरशी आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तिथे पाणी चालत नाही. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, बुरशी तो खाऊन पाण्यात विरघळण्याजोगा करून ठेवते, ओलं फडकं लावलं की बुरशीबरोबर चित्रही निघून येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापूस, चकचकीत बाजूने, हलक्या हाताने. मंद बाजूला मी हात लावला नाही, तिथली बुरशी तशीच स्कॅन केली.

२८ डिसेंबर

आज तळाचा गठ्ठा. याच्यावर बरंच वाचलं, दोघांशी फोनवर बोलले. कोरडा असताना ओढायचा नाही एवढं नक्की. कडेच्या एका पट्टीवर प्रयोग केला, ती आधीच अर्धी गेलेली होती. गार डिस्टिल्ड वॉटरमध्ये ट्रेमध्ये ठेवली, बर्फाच्या पाण्यात ट्रे बुडवून. तासाभराने दोन पट्ट्या आपोआप सुटल्या. तिसरी सुटली पण तिचा थर दुसरीच्या पाठीला चिकटून गेला, म्हणजे चित्र एकीकडे आणि फिल्म एकीकडे.

सुटलेल्यांपैकी एकीवर काहीच नाही, नुसते गढूळ ढग. दुसरीवर कोणीतरी बाई पायरीवर बसलीये आणि तिच्या पायापासून खालचा भाग गाळाने गेलाय, गाळाची रेषा अगदी सरळ आहे. पाणी डब्यात जिथपर्यंत चढलं तीच ती रेषा. पेठांमधल्या काही जुन्या भिंतींवर १९६१ च्या पाण्याच्या उंचीच्या खुणा आहेत, तशीच ही आमच्या घरची.

इथे थांबले. बाकी गठ्ठा कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात. हे काम संवर्धन करणाऱ्या शिकलेल्या माणसाचं आहे.

५ जानेवारी २०२५

तारखा ठरवायला एक तक्ता केलाय. त्यात सगळ्यात कामाचा रकाना म्हणजे "कशावरून". फोटोच्या मागे कोणी "१९५८" लिहिलंय म्हणून १९५८ धरायचं नाही, ते वीस वर्षांनी लिहिलेलं असू शकतं. आतापर्यंत उपयोगी पडलेल्या खुणा :

फिल्मच्या कडेचं नाव. हे सगळ्यात भरवशाचं. कडेला ओरवो असेल तर रोल १९६४ च्या आधीचा असूच शकत नाही, पूर्व जर्मनीतल्या त्या कारखान्याने हे नाव तेव्हापासून लावलं. गेव्हार्ट नुसतं असेल तर बहुधा त्याच्या आधीचं, कारण १९६४ मध्ये आग्फा आणि गेव्हार्ट एक झाले. अर्थात दुकानात जुना माल पडून असतो, म्हणून याच्यावर एकट्यावर विसंबायचं नाही.

तिकिटं. डायरीतल्या एका तिकिटावर भाडं "न. पै." मध्ये आहे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १ जून १९६४ पासून "नवे" गेलं, नुसते पैसे राहिले. म्हणजे तिकीट या सात वर्षांतलं.

स्टुडिओचा शिक्का. पत्त्यात "पुणे ३०" एवढंच असेल तर बहुतेक पिनकोडच्या आधीचं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, मग पुणे ३० चं ४११०३० झालं. पण आमच्याकडे लोक अजूनही नुसतं पुणे ३० लिहितात, त्यामुळे याला वजन कमी.

सिंहगडावरचा टीव्हीचा टॉवर. पुण्यात टीव्ही १९७३ ला आला. गडावरून काढलेल्या ज्या फोटोत टॉवर दिसायला पाहिजे अशा कोनात तो नाही, ते आधीचे.

या खुणांनी आमच्या घरातला एक जुना वाद संपला. राजगडाच्या नेढ्यात (खडकातल्या आरपार भोकात) बसलेले आजोबा आणि बाबा, हा फोटो "पुराच्या आधीचा" असं आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. कडेला स्वच्छ ओरवो छापलंय. तो पुरानंतरचाच.

१२ जानेवारी

आत्याकडे सहकारनगरला गेले होते. फोन टेबलावर ठेवला, म्हटलं आत्या, पुराचं सांग. तिने सांगितलं, पण ते तेच सांगितलं जे मी दहा वेळा ऐकलंय, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. सकाळी धरण फुटलं अशी आवई आली, लोक पळाले, आम्ही पर्वतीवर गेलो, पाणीच पाणी, संध्याकाळी ओसरलं. पुढे काही विचारलं की "तेवढंच गं, किती वर्षं झाली." वर पंखा आणि कुकरच्या शिट्ट्या इतक्या रेकॉर्ड झाल्यात की अर्धं ऐकूच येत नाही. कॉलरला लावायचा साधा माइक मागवला, ८५० रुपये.

एक गोष्ट मात्र तपासायला मिळाली. ती नेहमी म्हणते त्या दिवशी दिव्यांची अवस होती, आषाढातली. आणि तीच असंही म्हणाली की पालखी पुण्यातून नुकतीच पुढे गेली होती. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, पालखी आषाढी एकादशीच्या आधी जाते आणि दिव्यांची अवस एकादशीनंतर येते. पंचांग काढून बघितलं, १२ जुलै १९६१, बुधवार, ज्येष्ठ अमावास्या. अमावास्या बरोबर, पालखी बरोबर, महिना तेवढा सरकलेला. आठवणीतली चूकसुद्धा खऱ्याच्या इतकी जवळ असते, म्हणून ती खोडायची नाही, तशीच लिहून शेजारी तारीख लिहायची.

१९ जानेवारी

आजचा दिवस वेगळा गेला. प्रश्न विचारायचेच नाहीत असं ठरवलं होतं. स्कॅनचे मोठे प्रिंट नेले, १० बाय १०, आणि एकेक तिच्या हातात दिला. पंखा बंद, माइक पदराला.

खडकवासल्याच्या सहलीचा एक फोटो आहे. झाडाखाली सतरंजी, आजी, आत्या दोन वेण्यांत, बाबा हाफपँटमध्ये, मागे पाणी आणि पलीकडे सिंहगडाची धार. कडेला गेव्हार्ट. डायरीतलं "न. पै." चं तिकीट याच सहलीचं असावं असा माझा अंदाज होता, म्हणजे १९५७ ते १९६४, पण पुराच्या आधी की नंतर ते अडलं होतं.

आत्याने चष्मा लावून बघितलं आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा आमचा फिरकीचा तांब्या." मी इतके दिवस तो फोटो बघतेय, माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. स्क्रीनवर मोठा करून बघितला तर पितळी तांब्या, झाकणाला आटे, वर उचलायची कडी, पोटावर एक पोचा आहे आणि त्या पोच्यात उन्हाचा ठिपका पडलाय. प्रवासाला जाताना पाणी सांडू नये म्हणून असायचा तसा. आजीला माहेरून मिळालेला.

तो पुरात गेला. म्हणजे फोटो जुलै १९६१ च्या आधीचा. तक्त्यात "कशावरून" च्या रकान्यात लिहिलं : तांब्या.

आणि मग ती बोलत गेली, मी काहीही न विचारता. सकाळी निरोप आला तेव्हा आजोबा कॅम्पातल्या ऑफिसला जायला निघून गेले होते. आजी देव गोळा करत होती. आत्या १७ ची, तिला सांगितलं पाणी भरून घे, वाटेत पोराला तहान लागेल. तिने तांब्या भरला, फिरकी घट्ट लावली, उंबऱ्यावर ठेवला आणि बाबांच्या चपला शोधायला आत गेली. तेवढ्यात शेजारचे ओरडले, तिने बाबांचा हात धरला आणि पळाली. तांब्या उंबऱ्यावर राहिला. पर्वतीवर दिवसभर बाबा पाणी मागत होते. पूर ओसरल्यावर शहराला नळाचं पाणी नाही, कारण नळाचं पाणी यायचं तेच खडकवासल्याचं आणि धरणच रिकामं झालेलं, विहिरींवर रांगा. "भरलेला तांब्या होता गं," एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली.

हे तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. मी रेकॉर्डिंग बंद करू का विचारलं तर नको म्हणाली, राहू दे.

तर पद्धत बदलली. आता "पुराचं सांग" नाही. फोटो द्यायचा आणि त्यातल्या वस्तू ओळखायला सांगायच्या. कुठली वस्तू पुढे राहिली, कुठली गेली. बंब गेला, फडताळातली पितळी भांडी गेली, सतरंजी सापडली पण गाळाने कडक झालेली, पाटा-वरवंटा जागच्या जागी होता. याची वेगळी यादी केलीये आणि पुराच्या आधीचे-नंतरचे बरेच फोटो त्या यादीनेच वेगळे झाले.

२ फेब्रुवारी

डायऱ्या वाचतेय. अक्षर बारीक पण स्वच्छ, मोडी नाही, देवनागरीच. गडावर जाऊन आले की आजोबा पानंच्या पानं लिहायचे. राजगडावर तर फारच जीव. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, मिर्झाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, १२ राहिले, त्यात राजगड आणि तोरणा. आजोबांनी लिहिलंय की पद्मावती माचीवर बसून मी मनात ते बारा मोजतो आणि दिलेल्या तेवीसांपैकी इथून कुठले दिसतात ते बघतो, सिंहगड समोर दिसतो, तो दिलेल्यांत होता. रोज समोर दिसणारा किल्ला दुसऱ्याच्या ताब्यात, हे राजांनी कसं सोसलं असेल, असं वाक्य आहे.

आणि १२ जुलै १९६१ चं पान. "पुराचे पाणी आले. बिऱ्हाड गेले. सर्व सुखरूप." बस. पुढचे दोन आठवडे कोरे, मग "हट मिळाली" एवढंच. पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या केल्या होत्या, आमचं घर त्यात राहिलं, सहकारनगरचं नंतरचं.

मी या दोन पानांसमोर खूप वेळ बसले. तीनशे वर्षांपूर्वीचे किल्ले मोजणारा माणूस, आदल्या दिवसापर्यंत मातीचं अर्धवट धरण वाचवायला लष्कराचे जवान वाळूची पोती टाकत होते, सकाळी आंबी नदीवरचं पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने मुठेवरचं एकोणिसाव्या शतकातलं दगडी खडकवासलाही गेलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, शहरात हजाराच्या आसपास माणसं गेली असं मानतात, आणि हा माणूस त्या पाण्यातून घर परत उभं करत होता आणि लिहायला तीन वाक्यं. मला वाटतं त्याला तो इतिहास वाटलाच नसेल. इतिहास म्हणजे गडावरचा, राजांचा, आपलं काय लिहायचं. माझं मत त्याच्या अगदी उलट आहे आणि म्हणूनच हे सगळं करतेय.

राजगडाच्या नेढ्याचा फोटोही डायरीत सापडला. १० डिसेंबर १९६७, रविवार. मार्गासनीला उतरून चालत, आदल्या रात्री मुक्काम. चार पानं लिहिलंय, सुवेळा माची, नेढं, वारा, बाबांनी पहिल्यांदा ओझं न कुरकुरता उचललं. पुढच्या पानावर : "पहाटे भूकंप. मांडणीवरची भांडी पडली." हा कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबरच्या पहाटे सव्वाचार-साडेचारला झाला, कोयनानगरला पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आदल्या संध्याकाळी हे दोघं गडावरून उतरले होते.

८ फेब्रुवारी

नेढ्याचा फोटो परत काढायला राजगड. गुंजवण्यातून चोर दरवाज्याने, मी, चुलतभाऊ आणि माझी मुलगी. फसलं. उशिरा निघालो, सुवेळा माचीवर पोचेपर्यंत दुपार, जुन्या फोटोत सावली डावीकडून लांब पडलीये आणि आता ऊन डोक्यावर. शिवाय फोनच्या २एक्स वर धरला तर चौकटीत नेढं मावेना आणि मागे सरकायला जागा नाही, मागे कडा आहे. तिथे मधमाश्यांची मोहोळं असतात त्यामुळे जास्त वेळ गोंधळ घालता येत नाही, परफ्यूम लावून तर अजिबात जाऊ नका.

घरी येऊन जुन्या स्कॅनवर ठेवून बघितलं तर साधा १एक्स घेऊन जुन्या चौकटीएवढा चौकोनी कापला की क्लिक थ्रीच्या जवळजवळ तंतोतंत येतो. हे निघायच्या आधी घरासमोर करून बघता येतं.

२३ फेब्रुवारी

काल रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला, पहाटे निघालो आणि सकाळचं ऊन असतानाच नेढ्याजवळ पोचलो. जागा शोधायची रीत अशी : आधी लांबच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, इथे नेढ्याची वरची कड आणि मागच्या डोंगराची खाच. ती जुळली की दिशा पक्की. मग जवळचा दगड आणि नेढ्याची खालची कड यातलं अंतर बघत पुढे-मागे व्हायचं. शेवटी उंची. जुना फोटो खालून काढलेला दिसतो, म्हणून मला गुडघ्यावर बसावं लागलं. प्रिंट प्लास्टिकच्या पाकिटात घालून न्या, वाऱ्याने उडतो, फोनवर जुना फोटो बघत जुळवणं उन्हात शक्य नाही.

दगड तेच आहेत. डाव्या बाजूचा चिरलेला दगड, त्याच्या चिरेचा आकारसुद्धा जुळला. जिथे बाबा बसले होते तिथे मुलगी बसली. ती सहावीत आहे, बाबा तेव्हा १८ चे होते, त्यामुळे चौकटीत ती लहान दिसते. चुलतभाऊ आजोबांच्या जागी. उतरताना मुलीने विचारलं की हे उतरले आणि रात्री भूकंप झाला, मग त्यांना गडावर असतो तर काय झालं असतं असं वाटलं असेल का. डायरीत तसं काही नाही म्हणून सांगितलं. तिचा प्रश्न नेढ्याच्या फोटोच्या नोंदीत लिहून ठेवलाय.

९ मार्च

खडकवासला. हे जुळलं नाही. झाड नाही, काठ बदललाय, चौपाटीला गर्दी, आणि धरणाच्या भिंतीकडे जाता येत नाही. सिंहगडाची धार जुळवून साधारण पट्टा कळला, शे-दोनशे मीटरचा, त्याच्यापुढे नाही. फाइलला "अंदाजे जागा" असं लिहिलं.

आत्यालाही घेऊन गेलो होतो. गाडीतून उतरायला नको म्हणाली. काच खाली करून पाण्याकडे बघत होती, आणि मग तिने सांगितलं की त्या सहलीला बाबा पाण्यात पडले होते आणि आजोबांनी कपड्यांसकट उडी मारली होती, म्हणून पुढच्या फ्रेममध्ये आजोबा टॉवेल गुंडाळून बसलेत. ती फ्रेम मी "ओळख पटली नाही" मध्ये टाकली होती.

३० मार्च

फाइलींची व्यवस्था. नाव असं : वर्ष किंवा वर्षांची मर्यादा, जागा, फ्रेम. उदाहरणार्थ "१९५७-६१_खडकवासला_०३". नक्की तारीख नसेल तर मर्यादाच लिहायची, मधलं एखादं वर्ष धरून टाकायचं नाही, पुढचा माणूस ते खरं मानतो. आत्याच्या रेकॉर्डिंगचे तुकडे केले आणि प्रत्येकाला त्या त्या फोटोचंच नाव दिलं, म्हणजे फोटो आणि आवाज शेजारी शेजारी येतात. आवाजावरून मजकूर करणारं अ‍ॅप वापरून बघितलं, पेठांची आणि माणसांची नावं चुकतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात, तासाभराच्या रेकॉर्डिंगला एक अख्खी दुपार जाते.

प्रती तीन : एक डिस्क माझ्याकडे, एक चुलतभावाकडे दुसऱ्या गावात, एक क्लाउडवर. दोन डिस्कचे मिळून ९,२०० गेले, स्कॅनरनंतर सगळ्यात मोठा खर्च हाच.

डब्यात वरच्या बाजूला काही ३५ एमएमच्या पट्ट्या आहेत त्यांना व्हिनेगरसारखा वास यायला लागलाय. ही फिल्म आतून कुजतेय याची खूण आहे आणि तो वास शेजारच्या फिल्मलाही लागतो. त्या आजच वेगळ्या काढून कागदी पाकिटात, दुसऱ्या कपाटात ठेवल्या, आणि पुढचं स्कॅनिंग त्यांच्यापासूनच. पत्र्याचा बंद डबा निगेटिव्हसाठी चांगला नाही, वास आत कोंडतो, म्हणून बाकीच्याही बाहेर काढल्या.

राहिलेलं : तळाचा गठ्ठा, त्यासाठी संवर्धन करणाऱ्या एका बाईंशी बोलणं चालू आहे, त्यांनी आधी गठ्ठ्याचे चारही बाजूंनी फोटो मागितलेत. १९७२ च्या दुष्काळातला एक रोल आहे, आजोबा तेव्हा कामानिमित्त नगर जिल्ह्यात होते, खडी फोडणाऱ्या बायका आणि मागे कोरडा तलाव, त्यातली माणसं आमच्या घरातली नाहीत आणि गावाचं नाव डायरीत नाही. त्या फ्रेम मी अजून कोणाला पाठवलेल्या नाहीत. आत्याकडे पुढच्या रविवारी जायचंय, निसेन हटच्या दिवसांचे प्रिंट तयार आहेत.